भुट्ट्याचा कीस आणि हाटपिपल्याची वाट

आमच्या घरात ‘हॉटेल’ म्हटलं की एकच. इंदूरचं. ‘हॉटेलात गेलो होतो तेव्हा’, ‘हॉटेलात मिळायचा तसा’ असं बाबा म्हणाले की कुठल्या हॉटेलात, असं कुणी विचारायचं नाही. माझ्या मुलांनी ते कधी पाहिलं नव्हतं, पण लंका न पाहता जशी सगळ्यांना ठाऊक असते, तसं ते त्यांना ठाऊक होतं.

बाबा हाटपिपल्याच्या शाळेत गणित शिकवायचे. हाटपिपल्या हे मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं गाव. मालव्यात पिपल्या नावाची गावं बरीच. ज्या पिपल्यात बाजार भरायचा ते हाटपिपल्या, असं बाबा सांगतात. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी इथलेच. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा गावातल्या प्रत्येकाला आपणच शपथ घेतल्यासारखं वाटलं होतं, असं आमची आत्या अजून हसत हसत सांगते.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, आम्ही वर्षातून दोनदा इंदूरला जायचो. एकदा गणपतीच्या आधी, एकदा दिवाळीच्या आधी. सकाळची बस, राजवाड्याच्या आसपास खरेदी, पिशव्यांनी हात भरले की हॉटेल. गणपतीआधी गेलो तर भुट्ट्याचा कीस, दिवाळीआधी गेलो तर दाल-बाफले. असं का, हे मी कधी विचारलं नाही. काळ्या फळ्यावर खडूने जे लिहिलेलं असायचं ते मिळायचं. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, गल्ल्यावर टोपी घातलेले शेठजी. बाबांना बघून ते म्हणायचे, ‘आओ मास्टरसाब’, आणि बाबांची मान दोन इंच वर जायची.

त्या हॉटेलचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एका जेवणावरून कुणाच्या तीन पिढ्यांच्या धंद्यावर शेरा मारायचा नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे त्यात दोष एकट्या हॉटेलचा नाही.

दशमी: इंदूर

आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा आता एक्याऐंशीचे. आमच्याकडे बंगळुरूला असतात. गेल्या भाद्रपदात गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, “डोल ग्यारसला गावी जाऊन येऊ या का? पुढच्या वर्षी गुडघे ऐकतील असं वाटत नाही.” थोडं थांबून म्हणाले, “वाटेत मुलांना हॉटेलात नेऊ. कीसाचे दिवस आहेत.”

बाबा सहसा काही मागत नाहीत. लगेच विमानाची तिकिटं काढली. दशमीला दुपारी आम्ही सहा जणं इंदूरच्या रस्त्यावर होतो: बाबा, मी, नवरा, बारावीतली लेक, सातवीतला मुलगा आणि गाडीचा ड्रायव्हर. बाबा पुढच्या सीटवर बसून त्या इंदूरी ड्रायव्हरलाच रस्ता सांगत होते. तोही बिचारा प्रत्येक वळणावर “हौ बाबूजी” म्हणत होता.

हॉटेल जागेवर होतं. पाटीवरचं नावही तेच होतं, फक्त त्याखाली ‘लीगेसी’ असा शब्द आला होता. काचेचं दार ढकलून आत गेलो. थंडगार हवा. संगमरवरी टेबलं गेली होती. भिंतीवर जुन्या हॉटेलचा मोठा काळा-पांढरा फोटो होता, त्यात संगमरवरी टेबलं होती. गल्ल्यावर एक मुलगी संगणकाकडे बघत बसली होती. बाबा क्षणभर तिच्यासमोर उभे राहिले. तिने विचारलं, “कितने लोग, सर?”

मेनूकार्ड नव्हतं. टेबलावर चिकटवलेला चौकोन मोबाईलने टिपायचा होता. लेकीने तो टिपला आणि यादी वाचून दाखवू लागली. पास्ता होता, पनीर टिक्का होता, ‘मालवा स्पेशल’ या सदरात भुट्ट्याचा कीस होता, दाल-बाफलेही होते. बाबा म्हणाले, “दोन्ही? एकाच वेळी?” आम्ही दोन्ही मागवलं.

कीस आला तो पितळेच्या इवल्याशा हातगाडीत. खरीखुरी चाकं असलेली. मुलाने ती टेबलभर फिरवून पाहिली. वर नारळ, डाळिंबाचे दाणे आणि बारीक शेव. मी पहिला घास घेतला आणि समजलं, हा स्वीट कॉर्नचा आहे. गोड, पाणीदार, तोंडात फारसा न राहणारा. त्यात साय की क्रीम काहीतरी घातलेलं होतं. हिंगाचा पत्ता नव्हता. बाफले गोल गरगरीत आणि सगळे एका मापाचे होते. फोडायला गेलं तर भुगा होण्याऐवजी ताणले जात होते.

ज्यांनी मालवा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाफला आणि बाटी या सख्ख्या बहिणी, पण जुळ्या नाहीत. बाटी सरळ निखाऱ्यावर भाजतात. बाफला आधी उकळत्या पाण्यात सोडतात, वर तरंगू लागला की काढून कोरडा करतात आणि मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. म्हणून तो बाहेरून कडक आणि आतून रवाळ होतो. हाताने चुरायचा, वर तूप ओतायचं आणि मग डाळ. पीठ जाडसर लागतं, आणि गहू कठिया असेल तर उत्तम. हा मालव्याचा कोरडवाहू गहू, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारा. इंदूरला १९५१ पासून गहू संशोधन केंद्र आहे, तिथे या कठिया गव्हाच्या नव्या जातींवर आजही काम चालतं. म्हणजे गहू आहे. गोवऱ्या मात्र काचेच्या दाराच्या हॉटेलात पेटवता येत नाहीत, हेही खरं.

बाबा हळूहळू जेवत होते. मुलाने विचारलं, “आजोबा, कसा आहे? तुम्ही सांगायचा तसाच आहे का?”

“छान आहे,” बाबा म्हणाले.

“मला तर एकदम आवडला,” मुलगा म्हणाला आणि हातगाडी स्वतःकडे ओढून उरलेला कीस संपवला.

मला राहवलं नाही. मी वाढणाऱ्या मुलाला बोलावून विचारलं, “भैया, यह देसी भुट्टे का नहीं है न?” तो गोंधळला आणि आतून मालकांना घेऊन आला. मालक म्हणजे तिशीतला तरुण, त्या टोपीवाल्या शेठजींचा नातू. मी जरा तोऱ्यातच बोलले असेन. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “आंटी, देसी भुट्टा दो-ढाई महीने आता है. लोग बारह महीने माँगते हैं. स्वीट कॉर्न रोज़ एक-सा मिलता है. और सच बोलूँ तो आधे लोग पहली बार खा रहे होते हैं. उनको यही अच्छा लगता है.” मग बाबांकडे वळून म्हणाला, “बाबूजी, दादाजी के टाइम वाले महाराज अब नहीं रहे. उनका हाथ किसी ने लिखकर नहीं रखा.”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्हारे दादाजी मुझे मास्टरसाब कहते थे,” एवढंच म्हणाले. तो पटकन वाकून पाया पडला. बिलात त्याने गोड पदार्थाचे पैसे लावले नाहीत. रागवायची सगळी सोय त्याने अशी काढून घेतली.

रात्री नवरा मुलांना घेऊन सराफ्यात गेला. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे तिथे खाण्याचा बाजार भरतो. मुलं मध्यरात्री परत आली ती दहीवडा, खोबऱ्याचं पॅटिस आणि ताटलीएवढा जलेबा यांच्या गोष्टी सांगत. गराडू मिळाला नाही म्हणून मुलगा खट्टू होता. तो थंडीतला कंद, भाद्रपदात कुठून मिळणार? तेव्हा इंदूरची चव गेली, असं रडगाणं मी गाणार नाही. इंदूर अजून पोटभर आणि मनापासून खातं.

पण मी जागी होते. बाबाही. अंधारात ते म्हणाले, “मीठ बरोबर होतं हो त्यांचं.” जरा वेळाने, “तुझ्या आईला नसता आवडला.” मी काही बोलले नाही.

मला खरं टोचत होतं ते मुलाचं बोलणं. ‘मला तर एकदम आवडला.’ त्याची काही चूक नव्हती. पण उद्या तो मोठा झाला की त्याच्या आठवणीतला भुट्ट्याचा कीस हाच असणार, पितळी हातगाडीतला, गोड. आणि खरा कसा असतो, हे त्याला दाखवायचं म्हटलं तर मी कुठे नेणार होते? मी स्वतः तो आयुष्यात एकदाही केलेला नव्हता.

एकादशी: हाटपिपल्या

सकाळी लवकर निघालो. हाटपिपल्याला डबलचौकीच्या रस्त्यानेही जाता येतं, पण बाबांना देवास बघायचं होतं. देवीची टेकडी दिसली तसे त्यांनी हात जोडले. मुलांना म्हणाले, “या एवढ्याशा गावात दोन राजे होते. थोरल्या पातीचा एक आणि धाकट्या पातीचा एक. दोघेही पवार.” मराठे अठराव्या शतकात माळव्यात आले, होळकर इंदूरला, पवार देवासला आणि धारला, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, मास्तर अशी आमच्यासारखी घरं आली. पुरणपोळी घेऊन आली आणि बाफले खाऊ लागली. ‘काय करून राहिलास?’ असं मराठी बोलू लागली. पुण्याला गेलं की लोक त्यावर हसतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

देवासातून जाताना बाबा कुमार गंधर्वांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी कुमारजी इथे आले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी मालवी लोकगीतं त्यांनी मन लावून ऐकली, जमवली, त्यातून नवं गाणं उभं केलं. “बायका रस्त्याने गात जायच्या,” बाबा म्हणाले. “गाव रोज ऐकत होतं. पण टिपून कुणी ठेवलं? बाहेरून आलेल्या माणसाने.”

देवास सोडलं की दोन्ही बाजूंना सोयाबीन. पानं पिवळी पडायला लागली होती. बाबा लहान होते तेव्हा पावसाळ्यात इथे मका आणि ज्वारी डुलायची. १९७० नंतर सोयाबीन आलं, रोख पैसा आला, लोक त्याला पिवळं सोनं म्हणू लागले. १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरलाच झालं. शेतकऱ्याची घरं पक्की झाली, मुलं शिकली, त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण मका शेताच्या कडेला गेला. घरच्यापुरता, चार ओळी. त्यातही पांढऱ्या दाण्याचा देशी मका क्वचित. हॉटेलचा तो तरुण मालक खोटं बोलत नव्हता.

आत्या दारात उभी होती. पंचाहत्तरीची, ताठ. काका गेल्यावर मुलाकडे भोपाळला न जाता ती जुन्या घरातच राहते. बाबांना बघून म्हणाली, “दादा, किती वाळलास रे!” आणि माझ्या मुलाला म्हणाली, “हा कोण? हा तर दादाच, पन्नास वर्षांपूर्वीचा नाही, सत्तर वर्षांपूर्वीचा!”

एकादशी म्हणून बाबांना आणि आत्याला उपास. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. मुलांना उपास नव्हता, तरी त्यांनी तीच खाल्ली आणि दोनदा मागितली.

डोल ग्यारस म्हणजे भाद्रपद शुद्ध एकादशी. मालव्यात त्या दिवशी देव डोलात बसून पाण्याकाठी जातात. हाटपिपल्याचा दिवस मात्र आणखी वेगळा. इथे नृसिंहाची पाषाणाची मूर्ती आहे. ती वाजतगाजत भमोरी नदीवर नेतात, पूजा करतात आणि पाण्यात सोडतात. दगडाची मूर्ती पाण्यावर तरंगते, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. तीनदा सोडतात, जितक्या वेळा तरंगेल त्यावरून पुढचं वर्ष कसं जाईल ते ठरतं, एकेका खेपेला चार-चार महिने, अशी लोकांची धारणा. आसपासच्या गावांतून माणसं येतात.

आम्हाला मूर्ती काही दिसली नाही. गर्दी एवढी की बाबांना घेऊन पुढे जाणं शक्य नव्हतं. आम्ही मागेच एका ओट्यावर उभे राहिलो. लेक विज्ञान शाखेची, तिने विचारलं, “आजोबा, दगड कसा तरंगेल?” मला वाटलं गणिताचे मास्तर आता घनता समजावणार. बाबा म्हणाले, “मी पण माझ्या आजोबांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, तू बघायला ये. म्हणून दरवर्षी यायचो.” पुढून जयजयकार उठला. बाबांनी टाचा उंच करून पाहिलं. एक्याऐंशीव्या वर्षी, टाचा उंच करून.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना मी आत्याला हॉटेलची कहाणी सांगितली. हातगाडी, डाळिंब, स्वीट कॉर्न, सगळं. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

“अगं, पण वहिनीला त्या हॉटेलचा कीस कधीच आवडला नव्हता!”

मी म्हटलं, “काय सांगतेस?”

“हो न. ती यायची आणि म्हणायची, तूप भरपूर घातलं की झालं असं वाटतं त्यांना, भाजतच नाहीत नीट. मग चार दिवसांनी भुट्टे आणून ती घरी करायची. मी किसायला बसायची. आणि दादा काय म्हणायचा माहीत आहे? एक घास घेऊन म्हणायचा, वा! अगदी हॉटेलसारखा झालाय.”

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

“दरवेळी?” लेकीने विचारलं.

“दरवेळी,” आत्या म्हणाली. “वहिनी आत येऊन डोक्याला हात लावायची. म्हणायची, यांच्या मते चांगलं ते सगळं हॉटेलात तयार होतं.”

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला वाटायचं, ती खूश होत असेल.”

कुणी काही बोललं नाही. आत्याच उठली आणि म्हणाली, “उद्या द्वादशी. पारण्याला कीस करू. सकाळी शेजारच्यांच्या शेतावरून भुट्टे मागवते. पण किसायचं तुम्ही. माझे खांदे आता चालत नाहीत.”

द्वादशी: ओसरीवर

सकाळी टोपलीभर भुट्टे आले. पांढऱ्या दाण्याचे, बुटके, काही वाकडे. आत्याने लेकीला जवळ बसवून घेतलं आणि एका दाण्यात नख रोवायला सांगितलं. दुधासारखा थेंब बाहेर आला. “असं दूध निघालं तर कीसाला चालतो. पाणी निघालं तर कोवळा, काही निघालं नाही तर जून. जून भुट्टा भाजून खायचा.” लेकीने मोबाईल बाजूला ठेवला आणि तिच्या रसायनशास्त्राच्या वहीचं मागचं पान उघडलं.

तिने लिहिलं ते तसंच देते, कारण आत्याने प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलं आणि लेकीने ते विचारून घेतलं.

सहा भुट्टे. दाणे सोलायचे नाहीत, अख्खा भुट्टा किसणीवर किसायचा, म्हणजे साल कणसालाच राहते आणि आतला गर व दूध खाली येतं. किसलेला कीस ठेवून द्यायचा नाही, तो आंबूस होतो. लगेच फोडणीला टाकायचा. जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तूप. मोहरी, जिरं आणि हिंग, तोही हात आखडता न घेता, कारण मका पोटाला जड. बारीक चिरलेली हिरवी मिरची, थोडी हळद. मग कीस. इथून पुढे मंद आच आणि हलवत राहणं. सुरुवातीला तो कढईला चिकटतो, लोक घाबरून लगेच दूध ओततात. तिथेच कीस बिघडतो. कच्चा वास जाऊन खमंग वास येईपर्यंत, रंग जरा गडद होईपर्यंत आणि कडेने तूप दिसेपर्यंत भाजायचा. वीस-पंचवीस मिनिटं तरी. मग अर्धी वाटी दूध, एकदम नाही, थोडं थोडं. झाकण ठेवून वाफ. मीठ, चिमूटभर साखर. लिंबू अगदी शेवटी, कढई उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं. जिरावन ज्याने त्याने आपल्या ताटात घ्यायचं.

“डाळिंब?” मुलाने विचारलं.

“डाळिंब आजारी माणसाला देतात,” आत्या म्हणाली.

किसायला मुलगा बसला. दुसऱ्याच भुट्ट्याला बोट खरचटलं, पण सोडलं नाही. भाजायला मी उभी राहिले. दहा मिनिटांत दंड भरून आला. मला आई आठवली, याच चुलीपुढे, घाम पुसत. आणि बाहेर बाबांचा आवाज, ‘झाला का?’ एवढं हलवून झाल्यावर कुणी ‘अगदी हॉटेलसारखा’ म्हटलं तर मीही डोक्याला हात लावला असता.

मुलगा कढईत डोकावून म्हणाला, “आई, ‘कीस’ म्हणजे किसलेला म्हणून कीस?” मी म्हटलं, “हो, आपलं किसणं तेच हे.” तो म्हणाला, “मग काल हॉटेलवाल्यांनी किसलाच नव्हता. त्यात अख्खे दाणे होते.” हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पानं घेतली. पहिलं पान बाबांचं. आम्ही चौघं आणि आत्या, सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. बाबांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला.

“मीठ जरा कमी आहे,” ते म्हणाले. “आणि अजून पाच मिनिटं भाजायला हवा होता. ती भाजायची.”

मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे. हॉटेलात बाबा ‘छान आहे’ म्हणाले होते. परक्याच्या पदार्थाला माणूस छान म्हणून मोकळा होतो. मीठ कमी आहे, हे आपल्या घरच्या पदार्थालाच सांगतो.

मुलगा दोन घास खाऊन थांबला. विचार करून म्हणाला, “हा हॉटेलसारखा नाहीये.” मग ताट पुढे केलं. “अजून वाढ.”

निघताना लेकीने वहीतलं ते पान आजोबांना दाखवलं. बाबांनी खिशातून लाल पेन काढलं, निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली तरी लाल पेन सुटलेलं नाही. ‘वीस-पंचवीस मिनिटं’ यावर काट मारली आणि वर लिहिलं ‘तीस’. खाली तारीख टाकली आणि सही केली.

तुमच्यासाठी

आपल्या अंकात प्रवासवर्णन लिहायचं ठरलं होतं आणि मी पाककृती लिहून बसले, असं संपादक म्हणतील. पण परतीच्या विमानात मी जो विचार करत होते तो तुम्हालाही सांगावासा वाटतो. विशेषतः जी मुलं-मुली आता नोकरीला लागली आहेत, स्वतःचं घर मांडत आहेत, त्यांना.

त्या हॉटेलवर मी रागावले, कारण आमच्या घरची एक चव सांभाळायचं काम मी न सांगता त्यांच्यावर टाकलं होतं. आई होती तोवर मी कधी कढईजवळ उभी राहिले नाही; सुट्टीला गेले की आयता खायचा, आणि नाहीच जमलं तर इंदूरचं हॉटेल आहेच. ती गेली, त्यांचे महाराज गेले, आणि दोन्हीकडे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. तो तरुण मालक आणि मी, आम्ही दोघांनी एकच चूक केली होती. त्याला निदान ती माहीत होती. आमच्या नशिबाने आत्या होती.

तुमच्या घरीही असं एखादं ‘हॉटेल’ असेल. पुण्यातलं, नागपूरचं, बेळगावचं, बडोद्याचं. जाऊन या जरूर. नाही आवडलं तर हळहळा, तेही चालेल. पण त्याआधी किंवा त्यानंतर, घरात जे कुणी मोठं आहे त्यांच्याजवळ एक सकाळ वही घेऊन बसा. ‘अंदाजाने’ म्हणाले तर वाटी हातात द्या आणि मोजून घ्या. का, ते विचारा. चव आठवणीत राहत नाही हो. आठवणीत फक्त ती चांगली होती एवढंच राहतं.

या वर्षी भाद्रपदात पुन्हा जायचा विचार आहे. बाबांचे गुडघे काय म्हणतात ते बघायचं. बंगळुरूच्या बाजारात पांढरा देशी भुट्टा अजून तरी मला दिसलेला नाही, म्हणून आत्याने मूठभर दाणे पुडीत बांधून दिले. गच्चीवरच्या दोन कुंड्यांत लावले आहेत. आठ रोपं आली आहेत. मक्याला शेजार लागतो, एकटं रोप धरत नाही, असं बाबा म्हणतात, म्हणून कुंड्या त्यांनी एकमेकींना चिकटवून ठेवल्या आहेत आणि रोज सकाळी लाल पेनाने भिंतीवर उंचीची खूण करतात.